वाचक विचारतात: सिसेरो म्हातारपणी गप्प का बसला नाही?

गेल्या अंकात ज्युलियस सीझरच्या खुनावर लिहिलं होतं, १५ मार्च इ.स.पू. ४४, रोमची सीनेट, तेवीस वार वगैरे. त्यात एक ओळ अशी होती की खून झाल्यावर ब्रूटसनं रक्तानं माखलेली कट्यार वर धरली आणि सिसेरो या म्हाताऱ्या पुढाऱ्याचं नाव घेऊन ओरडला. बास, त्या एका ओळीवरनं पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲप मेसेज, नुसता पाऊस पडलाय. सीझर राहिला बाजूला, सगळ्यांना त्या म्हाताऱ्याचंच पडलंय, म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्याच्या नावावर. (द्राक्षाच्या फवारणीबद्दल ज्यांनी इथं विचारलंय त्यांनी कृपया शेतीच्या सदराला लिहा, मला द्राक्षं फक्त खाता येतात.)

सिसेरो स्वतः कटात होता का? नसेल तर ब्रूटसनं त्याचंच नाव का घेतलं?
— कॉलेजचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

नव्हता. कटात साठेक माणसं होती आणि त्यातल्या एकानंही त्याच्या कानावर काही घातलं नाही. प्लूटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार म्हणतो की स्वभावानं तो भित्रा, त्यात वय बासष्ट, म्हातारा उगाच शंका काढत बसेल आणि आपला बेत ढिला पडेल असं त्यांना वाटलं. पण काम झाल्यावर मात्र याचं नाव हवं होतं, कारण जुन्या पद्धतीचं राज्य म्हणजे सीनेट, निवडणुका, कायदा, या सगळ्याचा जिवंत राहिलेला मोठा चेहरा तोच होता.

बॅकग्राउंड थोडक्यात सांगतो. अर्पिनम नावाच्या आडगावचा माणूस, घराण्यात आधी कुणी कॉन्सुल झालेलं नाही, नुसत्या वकिलीच्या आणि जिभेच्या जोरावर इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सुल झाला, म्हणजे रोमचं सगळ्यात वरचं पद, दरवर्षी दोघं निवडून यायचे. त्याच वर्षी कॅटिलाइन नावाच्या बड्या माणसाचा सत्ता उलथायचा कट उघडकीला आला आणि यानं पाच जणांना खटला न चालवता तुरुंगात गळा आवळून मारायला लावलं. त्या पाचात लेंट्युलस नावाचा एक बडा माणूस होता, तो मार्क अँटनीचा, म्हणजे सीझरच्या उजव्या हाताचा, सावत्र बाप, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. याच प्रकरणावरनं इ.स.पू. ५८ मध्ये क्लोडियस नावाच्या वैऱ्यानं त्याला हद्दपार करायला लावलं, दीडेक वर्षानं परत आला, मग सीझर आणि पाँपी या दोन बड्या सेनापतींचं भांडण पेटलं तेव्हा बरंच मागंपुढं करून पाँपीकडं गेला, पाँपी हरला, आणि सीझरनं याला माफ केलं. माफ केलं म्हणजे जिवंत ठेवलं, मान दिला, पण काम काही ठेवलं नाही.

त्या दिवसातलं एक पत्र फार मजेशीर आहे. डिसेंबर ४५ मध्ये, म्हणजे खुनाच्या तीनच महिने आधी, सीझर त्याच्याकडं जेवायला आला, नेपल्सजवळच्या समुद्राकाठच्या घरी, आणि बरोबर दोन हजार माणूस! शिपायांचा तळ शेतात टाकला, घराला पहारा बसवला. सीझरनं अंघोळ केली, अंगाला तेल चोळून घेतलं, मग पोटभर जेवला, प्यायला, गप्पा मारल्या. गप्पा कसल्या, तर साहित्याच्या, राजकारणाचा एक शब्द नाही. सिसेरो त्याच्या जिवलग दोस्ताला, ॲटिकसला लिहितो की सगळं छान झालं पण हा काही असा पाहुणा नव्हे की ज्याला निघताना म्हणावं, पुन्हा या हं. मला विचाराल तर सीझरच्या राज्यात सिसेरोची अवस्था काय होती ते या एका जेवणात दिसतं.

आणि खुनाबद्दल त्याला वाईट वाटलं का? छे. पुढं ट्रेबोनियस नावाच्या कटवाल्याला त्यानं लिहिलं की त्या १५ मार्चच्या मेजवानीला मलाही बोलावलं असतंत तर पानात काही उरलं नसतं. पानात उरलेला म्हणजे अँटनी. त्याला त्या दिवशी दाराबाहेर गप्पात गुंतवून ठेवलं होतं, ते याच ट्रेबोनियसनं.

बासष्टाव्या वर्षी माणसानं पुस्तकं लिहीत सुखानं बसावं, त्याला पुन्हा राजकारणात उतरायची काय खाज होती? आमच्याकडंही असे पुष्कळ आहेत, खुर्ची सुटत नाही.
— निवृत्त शिक्षक, कराड

सर, तुमचा टोमणा पोचला. पण सिसेरोच्या हातात तेव्हा खुर्ची नव्हतीच, म्हणजे सोडायला काही नव्हतं आणि शेवटपर्यंत त्याला पद असं मिळालंही नाही. आणि पुस्तकं लिहीत बसला होता ना तो. इ.स.पू. ४६ ला तीसेक वर्षांचा संसार मोडून टेरेन्शियाला घटस्फोट दिला, लगेच एका कोवळ्या पोरीशी लग्न केलं (पैशासाठी केलं असं लोक तेव्हाही बोलायचे), आणि ४५ च्या फेब्रुवारीत लाडकी लेक टुलिया बाळंतपणानंतर गेली. त्यात तो पार मोडला. अस्तुरा नावाच्या ठिकाणी समुद्राकाठी घर होतं, तिथं सकाळी दाट रानात शिरायचा तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. नवी बायको टुलियाच्या मरणानं मनातनं खूश झाली असं त्याला वाटलं म्हणून तिलाही सोडलं. आणि या सगळ्यात जेमतेम दोन वर्षात इतकं लिहिलं की आपण बघत राहावं, सुख म्हणजे काय, देव आहेत का, शकुनावर विश्वास ठेवावा का, मैत्री, कर्तव्य, आणि हो, म्हातारपणावरही एक छोटं पुस्तक, त्यात केटो नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा जुना रोमन पुढारी दोन तरुणांना सांगतो की म्हातारपण वाटतं तितकं वाईट नसतं.

मग सीझर मेला. दोन दिवसांनी सीनेट भरली, तिथं यानंच तोडगा काढला की मारणाऱ्यांना माफी, आणि सीझरचे हुकूम मात्र कायम. त्यावेळी सगळ्यांना बरं वाटलं. पण हुकूम कायम म्हटल्यावर सीझरची कागदपत्रं कुणाकडं, तर त्या वर्षीचा कॉन्सुल अँटनी याच्याकडं, आणि मग रोज एक नवा हुकूम निघायला लागला, सीझरनं म्हणे असं लिहून ठेवलं होतं, तसं लिहून ठेवलं होतं. सरकारी खजिन्यातनं ७० कोटी सेस्टर्स (रोमची नाणी) गेले कुठं हा प्रश्न सिसेरोनं पुढं जाहीरपणे विचारला, उत्तर आलं नाही. दुसरा कॉन्सुल कोण, तर डोलाबेला, टुलियाचा सोडलेला नवरा, म्हणजे याचा माजी जावई, ज्याच्याकडनं हुंड्याचे पैसे परत यायचे राहिले होते. या गोतावळ्याला कंटाळून ४४ च्या जुलैत तो ग्रीसला निघाला. पोरगा अथेन्सला शिकायला होता, त्याला भेटू, नवीन कॉन्सुल जानेवारीत आले की परत येऊ, असा प्लॅन. जाताना बोटीत, जवळ पुस्तकं नाहीत काही नाहीत, नुसत्या आठवणीवर युक्तिवाद कसा शोधावा यावर एक पुस्तक लिहून काढलं एका वकील दोस्तासाठी. काय माणूस होता!

आणि इटलीच्या पार टोकाला, आजच्या रेज्जोजवळ, दक्षिणेकडनं उलटा वारा सुटला. बोट मागं आली. तिथं रोमहून आलेली माणसं भेटली, म्हणाली अँटनी नरमलाय, सीनेट भरणार आहे, आणि तुम्ही निघून गेलात म्हणून लोक नावं ठेवतायत. झालं, फिरला माघारी. वाटेत वेलिया गावाजवळ ब्रूटस भेटला, तो स्वतः देश सोडून चालला होता! म्हणजे ज्यानं खून केला तो बाहेर आणि ज्याला कटात घेतलं नाही तो म्हातारा रोमकडं. माझ्या मते सिसेरोच्या सगळ्या आयुष्यात हा ऑगस्ट महिना सगळ्यात मोठा आहे, भाषणं वगैरे नंतर.

तुमच्यासारखाच राग अजून एकाला आला होता. कवी पेट्रार्क, १३४५ साली त्याला व्हेरोनाला सिसेरोची खासगी पत्रं सापडली, ती वाचून इतका वैतागला की मेलेल्या सिसेरोलाच पत्र लिहिलं, की अहो एवढे शहाणे तुम्ही, म्हातारपणी या भांडणांत कशाला पडलात. उत्तर आलेलं नाही.

‘फिलिपिक’ भाषणं म्हणजे काय? त्यात एवढं काय बोलला की जीव गेला?
— गृहिणी, वाई

डेमॉस्थेनिस या ग्रीक वक्त्यानं मॅसेडोनियाच्या फिलिप राजाविरुद्ध जी भाषणं केली त्यांच्यावरनं हे नाव, सिसेरोनं गमतीत घेतलेलं. आज वाचायला मिळतात ती चौदा आहेत. पहिलं २ सप्टेंबर ४४ ला. आदल्या दिवशी सीनेट होती तिथं हा प्रवासानं दमलोय म्हणून गेला नाही, तर अँटनी भडकला, म्हणाला मजूर पाठवून घर पाडतो याचं. (घर पाडायची धमकी तेव्हाही होती बघा.) दुसऱ्या दिवशी अँटनी आला नाही आणि हा आला, आणि बऱ्यापैकी सभ्य भाषेत बोलला, की बाबा चुकतंय तुझं. अँटनी सतरा दिवस तयारी करून १९ तारखेला तोंडसुख घेऊन गेला. त्याला उत्तर म्हणून दुसरं फिलिपिक, आणि गंमत म्हणजे सगळ्यात गाजलेलं हे भाषण त्यानं कधी केलंच नाही, नुसतं लिहिलं!

त्यात काय नाही? अँटनीची तरुणपणीची कर्जं, पाँपीचं घर लिलावात घेऊन तिथं चाललेला धिंगाणा, १५ फेब्रुवारीला उघड्या अंगानं सीझरच्या डोक्यावर मुकुट ठेवायला गेला तो प्रकार. सगळ्यात झोंबणारं म्हणजे एका लग्नात इतकी ढोसली की दुसऱ्या दिवशी भर सभेत, सरकारी कामात, स्वतःच्या मांडीवर आणि व्यासपीठावर ओकला, आणि त्या ओकारीत काय काय होतं ते पण लिहिलंय, मी इथं लिहीत नाही, लोक जेवताना मासिक वाचतात. पण ताई, नुसत्या शिव्यांनी जीव जात नाही. पुढच्या भाषणांत त्यानं सीनेटला रोज ढोसलं की अँटनीला देशाचा शत्रू ठरवा, त्याच्याशी बोलणी नकोत, लढाई करा. जीव गेला तो त्या पायी.

तुमचा सिसेरो एवढा हुशार तर मग ऑक्टेव्हियनसारखं पोर त्याला कसं गुंडाळून गेलं? त्यालाच त्यानं मोठं केलं आणि त्यानंच मारायच्या यादीत नाव घातलं. आमच्या तालुक्यात असं दर पंचवार्षिकला होतं, त्यामुळं मला तर काही नवल वाटलं नाही, पण तुमचं मत सांगा.
— एक वाचक, इस्लामपूर

मत सांगतो, पण आधी घडलं काय ते बघा. ऑक्टेव्हियन म्हणजे सीझरच्या भाचीचा पोरगा, वय अठरा, मृत्युपत्रात सीझरनं त्याला दत्तक घेतलेला. एप्रिल ४४ मध्येच तो नेपल्सकडं येऊन सिसेरोला भेटला, फार अदबीनं वागला. नोव्हेंबरपर्यंत त्यानं सीझरच्या जुन्या शिपायांना माणशी ५०० दिनार देऊन स्वतःची फौज उभी केली, कुठलंही पद नसताना, आणि सिसेरोला पत्रावर पत्र, एका दिवशी तर दोन, की तुम्ही रोमला या, मी तुमच्या सल्ल्यानंच चालणार. बाप म्हणायचा म्हणे. सिसेरो ॲटिकसला लिहितो, नाव बघ, वय बघ. म्हणजे कळत होतं. पण अँटनीकडं फौज, सीनेटकडं काही नाही, ब्रूटस आणि कटातला दुसरा म्होरक्या कॅशियस समुद्रापार, मग फौज आणायची कुठनं?

आणि इथंच माझ्या मते तो चुकला, पोरावर भरवसा ठेवला ही चूक लोक सांगतात पण खरी चूक त्याच्याही आधीची. ज्या कायद्यासाठी सगळा आटापिटा, तोच कायदा यानं स्वतःच्या हातानं वाकवला. २० डिसेंबरला सीनेटपुढं उभं राहून एका खासगी माणसाच्या खासगी फौजेला देशसेवा म्हणाला. १ जानेवारी ४३ ला प्रस्ताव आणला की या पोराला सेनापतीचा अधिकार द्या, सीनेटमध्ये जागा द्या, वयाची अट शिथिल करा. आणि वर काय बोलला, तर मी वचन देतो, मी हमी घेतो, मी जामीन राहतो की हा आज जसा आहे तसाच नागरिक कायम राहील. जामीन! आयुष्यभर कोर्टात उभ्या राहिलेल्या माणसानं एकोणीस वर्षांच्या पोराचा असा जामीन घ्यावा म्हणजे कमाल आहे. एकदा सीनेटनं मान्य केलं की फौज असेल तो बोलेल, मग बोलणाऱ्याचं काय काम उरलं?

पण काही महिने प्लॅन चालला, आणि जोरात चालला हे पण खरं. अँटनीनं डेसिमस ब्रूटसला (हा दुसरा ब्रूटस, हाही कटातला) म्युटिनात, म्हणजे आजच्या मोदेनात, कोंडलं होतं. सीनेटनं नवे दोन्ही कॉन्सुल हिर्टियस आणि पान्सा आणि बरोबर ऑक्टेव्हियन असे पाठवले. एप्रिलमध्ये जिंकल्याची बातमी आली तेव्हा रोमचं सगळं गाव सिसेरोच्या दारात जमलं, त्याला मिरवत कॅपिटॉलच्या टेकडीवर नेलं, तिथनं भाषणाच्या ओट्यावर उभं केलं, काय जल्लोष. त्यानं ते पत्रात लिहून ठेवलंय, हरखून गेला होता बिचारा. २१ एप्रिलला चौदावं आणि शेवटचं फिलिपिक. आणि त्याच दिवशी तिकडं म्युटिनापुढं दुसरी लढाई, अँटनी पुन्हा हरला पण हिर्टियस पडला, आणि पहिल्या लढाईत जखमी झालेला पान्सा दोन दिवसांत गेला. दोन्ही कॉन्सुल खलास, म्हणजे फौज आपोआप कुणाच्या हातात?

सीनेटनं अजून शहाणपणा केला, विजयाचा मान डेसिमसला दिला आणि पोराला बाजूला ठेवलं. त्यात सिसेरोची जीभ. त्यानं म्हणे कुठंतरी म्हटलं की पोराचं कौतुक करायचं, मान द्यायचा आणि मग त्याला उचलून बाजूला टाकायचं. हे पोराच्या कानावर गेलंय असं डेसिमसनं मे महिन्यात पत्रानं कळवलं. पोरगं म्हणालं, मी बाजूला पडायची वाट बघणार नाही. मे संपता संपता लेपिडस हा सीझरचा जुना सरदार आपली फौज घेऊन अँटनीला मिळाला. मग ऑक्टेव्हियनचे शिपाई सीनेटमध्ये आले, आमच्या साहेबाला कॉन्सुल करा, सीनेट घुटमळली तर एकानं तलवारीची मूठ दाखवली, तुम्ही नाही केलं तर ही करेल. फौज रोमवर चालून आली आणि १९ ऑगस्टला वीस वर्षंही न झालेलं पोर कॉन्सुल झालं. सिसेरो भेटायला गेला तेव्हा तो म्हणाला, माझ्या मित्रांपैकी सगळ्यात शेवटी आलात.

सिसेरोला रोमचे रामशास्त्री म्हणता येईल का?
— माहुलीचा एक वाचक, सातारा

माहुलीतनं हा प्रश्न येणारच, रामशास्त्री प्रभुणे तुमच्या गावचे. नारायणरावाच्या खुनानंतर सत्तेवर बसलेल्या राघोबादादाच्या तोंडावर बोलण्याचं धाडस बघितलं तर म्हणावंसं वाटतं. पण रामशास्त्री निवाडा देणारे होते, एका बाजूचे पुढारी नव्हते. सिसेरो वकील आणि पुढारी, आणि त्यानं ते पाच जण खटल्याविना मारले, रामशास्त्र्यांना ते चाललं नसतं. शिवाय शास्त्रीबुवा पुणं सोडून गेले तरी कारभार बदलल्यावर सन्मानानं परत आले. सिसेरोच्या रोममध्ये तसा कारभार परत आलाच नाही.

व्हॉट्सॲपवर आलंय की त्याची जीभ कापून त्यात सुया टोचल्या. खरं का?
— मिरज

फॉरवर्ड अर्धवट आहे. नोव्हेंबर ४३ मध्ये अँटनी, लेपिडस आणि ऑक्टेव्हियन आजच्या बोलोन्याजवळ नदीतल्या बेटावर भेटले, राज्य वाटून घेतलं आणि मारायच्या माणसांची यादी केली. प्लूटार्क म्हणतो सिसेरोच्या नावावर ऑक्टेव्हियन दोन दिवस अडून बसला आणि तिसऱ्या दिवशी सोडलं. बदल्यात अँटनीनं मामा दिला, लेपिडसनं सख्खा भाऊ. (पुढं ते दोघं वाचले ते वेगळं.)

सिसेरो आणि धाकटा भाऊ क्विंटस रोमजवळ टस्क्युलमला होते. पालख्यांतनं निघाले, वाटेत थांबायचे, पालख्या शेजारी आणून एकमेकांना बघून रडायचे. जवळ खर्चाला पैसे नाहीत म्हणून क्विंटस घरी परतला, तो मुलासकट मारला गेला. सिसेरो बोटीत बसला, उतरला, रोमच्या दिशेनं थोडं चालला, पुन्हा माघारी, तसंच ४४ सारखं मागंपुढं. शेवटी फॉर्मिएजवळच्या घरी आला आणि म्हणे झोपला. नोकरांनी जबरदस्तीनं पालखीत घातलं आणि झाडीतनं समुद्राकडं धावले, तोवर मारेकरी पोचले. त्यातला पॉपिलियस हा असा की बापाच्या खुनाच्या खटल्यात सिसेरोनंच त्याला सोडवलं होतं. सिसेरोनं पालखी खाली ठेवायला लावली, नेहमीच्या सवयीनं डावा हात हनुवटीला लावून त्यांच्याकडं बघत राहिला आणि मान पुढं केली. ७ डिसेंबर, वय ६३.

डोकं आणि हात कापून अँटनीकडं नेले, त्यानं ते ज्या ओट्यावरनं सिसेरो बोलायचा तिथंच लटकवले. सुईचं म्हणाल तर अँटनीच्या बायकोनं, फुल्वियानं, जिभेत केसातले काटे खुपसले असं डिओ हा इतिहासकार लिहितो, पण तो अडीचशेच्या आसपास वर्षांनी, प्लूटार्क ते सांगत नाही. रागाला कारण मात्र होतं, फुल्विया ही आधी क्लोडियसची बायको, ज्यानं याला हद्दपार केलं होतं तोच. आणि अँटनीच्या घरात लेंट्युलसचं ते वीस वर्षांचं जुनं दुखणं होतंच.

त्याच्या अथेन्सच्या पोराचं काय झालं? शिकला का?
— तासगाव (द्राक्षवालेच, पण प्रश्न चांगलाय)

नावाला शिकला. बाप त्याच्यासाठी कर्तव्यावर तीन भागांचं पुस्तक लिहितोय आणि हा तिकडं पार्ट्या करतोय, मग वडिलांच्या सेक्रेटरीला, टिरोला, पत्र की आता मी सुधारलोय, मन लावून अभ्यास चाललाय, फक्त नोट्स उतरवून घ्यायला एक कारकून पाठवा. पुढं ब्रूटसच्या घोडदळात मात्र बरा लढला. ब्रूटस हरला, याला माफी मिळाली, आणि इ.स.पू. ३० मध्ये ऑक्टेव्हियननं त्याला आपल्याबरोबर कॉन्सुल केलं. तोवर अँटनीही ऑक्टेव्हियनशी लढून हरला होता, आणि याच्याच काळात सीनेटनं अँटनीचे पुतळे काढायला लावले आणि ठरवलं की त्या घराण्यात पुन्हा कुणाचं नाव मार्कस ठेवायचं नाही. पिणं काही सुटलं नाही. एका दमात सहा-साडेसहा लिटर वाईन प्यायचा म्हणे, आणि प्लिनी हा रोमन लेखक त्यावर लिहितो की बापाचा खून करणाऱ्या अँटनीकडनं निदान दारूतला पहिला नंबर तरी काढून घ्यावा असं याला वाटलं असणार.